उताराचे नियम करताना या चुका टाळा

नियमात लिहिलेलं असतं, "२० पेक्षा जास्त उतारावर बांधकाम नाही." २० काय? टक्के की अंश? २० टक्के म्हणजे पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ, जेमतेम सव्वाअकरा अंश. २० अंश म्हणजे ३६ टक्के.

एका आराखड्यात नियम टक्क्यांत होता, नकाशा मात्र सॉफ्टवेअरने आपणहून दिलेल्या अंशांत रंगवलेला. सव्वाअकरा ते २० अंशांमधली सगळी झाडी संरक्षणातून बाहेर पडली आणि तीन बैठकांत कोणाला पत्ता नाही. मला कळलं ते जागेवर गेल्यावर. नकाशात 'बांधकामयोग्य' असलेल्या जागी मी झाडाचं खोड धरून चढत होतो! हरकतींची मुदत संपायला चार दिवस उरले होते. तेव्हापासून प्रत्येक नकाशावर दोन्ही आकडे लिहितो आणि चढून आल्याशिवाय सही करत नाही. नव्या मुलांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

भूखंडाचा सरासरी उतार काढू नका. सपाट माथा आणि उभा कडा यांची सरासरी सहज नियमात बसू शकते.

"झाडं तोडू, दुप्पट लावू" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तोडलेल्या झाडाची मुळं माती लगेच सोडत नाहीत, काही वर्षं कुजत जातात. तोवर रोपांची मुळं पुरेशी खोल गेलेली नसतात. उतार सुटतो तो याच मधल्या काळात, आणि खापर पावसावर फुटतं. राखलेल्या झाडांचंही तेच. नकाशावर बुंध्याचा ठिपका काढून भागत नाही. मुळं फांद्यांच्या घेराबाहेर जातात आणि बहुतेक वरच्या मीटरभर मातीतच असतात. मी कुंपण घेराच्याही बाहेर घालायला लावतो, तेही पहिलं यंत्र यायच्या आधी. नंतर घातलेलं कुंपण फोटोपुरतं.

संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं नसतील तर ती भिंत नाही, धरण आहे.

खोदलेली माती उताराच्या माथ्यावर रचू नका, एका रात्रीपुरतीही नाही.

आणि छपराच्या पाण्याचा पाइप कड्यावर मोकळा सोडू नका. पायथ्यापर्यंत न्या, तोंडाशी दगड पसरा. पाइपाचे चार तुकडे वाचवायला गेलेल्यांच्या उतारावर मी कमरेइतकी घळ पाहिली आहे, एकाच पावसाळ्यात पडलेली.