वाफसा येईपर्यंत लोडर रानात घालू नका

मे संपत आला की वळीव पडतोच, आणि नेमका त्याच आठवड्यात शेणखत भरायला लोडरवाला (ट्रॅक्टरला पुढं बकेट बसवलेला) मोकळा सापडतो. ‘उद्या दुसरीकडे जायचंय’ असं तो म्हणाला की वाफसा येण्याआधीच, म्हणजे ओल उतरून माती कामाजोगी होण्याआधीच, घाईघाईनं त्याला ओल्या रानात घातलं जातं. मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीत याच घाईपायी सोयाबीनचे पट्टे बसलेले मी दरवर्षी बघतोय. जुलैत झड लागली की लोडर फिरला त्याच वाटेवर पाणी साचतं आणि पीक पिवळं पडतं. तिथलं एखादं रोप उपटून बघा. मूळ चार बोटं खाली जाऊन आडवं वळलेलं असतं आणि मुळांवरच्या नत्राच्या गाठी नावालाच असतात. दुकानात विचारलं की ह्युमिकची नाहीतर भूसुधारकाची महागडी बाटली हातात पडते. दाबलेली माती बाटलीनं सुटत नाही, ते पैसे वाचवा.

बकेट भरली की वजन पुढच्या अरुंद चाकांवर येतं. मागची चाकं हलकी होऊन जागेवर घसरतात आणि ओली माती चोपून निघते. सगळ्यात जास्त दाब पहिल्याच फेरीत बसतो, म्हणून ‘एकच चक्कर मारतो’ हे ऐकू नका.

वरची खपली वाळली म्हणजे वाफसा आला असं नाही. वीतभर खालची माती काढून मुठीत दाबा आणि तो गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटला तर चाला, चपटा होऊन बसला तर थांबा. माझा अंदाज असा, की एका जोरदार सरीनंतर भारी रानाला चार-पाच दिवस कडक ऊन लागतं, मुरमाड रानाला दोन दिवस पुरतात.

थांबणं शक्यच नसेल तर ट्रॉली पक्क्या वाटेवर उभी करून तिथंच भरा. रानात जायचंच झालं तर अर्धी बकेट न्या आणि येण्याजाण्याची वाट एकच ठेवा, सगळं रान तुडवू नका. सोयाबीनला शिफारस हेक्टरी 5 टन कुजलेल्या शेणखताची, म्हणजे एकरी 2 टन. एवढं खत वाटेकडेला टाकून पाटीनंही पसरता येतं.

भरताना:
- बकेट जमिनीला सपाट ठेवून ढिगात सरळ घाला, मग मागे झुकवून उचला
- नेताना जमिनीपासून फूटभरच वर. उंच धरून वळू नका, ट्रॅक्टर कलंडतो
- मागे वजन किंवा अवजार जोडलेलं हवं
- चढाला पुढे, भरल्या बकेटीनं उतरताना रिव्हर्स
- विजेच्या तारेखाली ट्रॉली भरू नका. उचललेल्या बकेटीखाली कुणी नको, पोरं तर नाहीतच
- कच्चं खत भरू नका, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) रानात जाते

पेरणीचं थोडक्यात:
- 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्यावरच
- उगवण 70 टक्के तपासून. बियाणं एकरी 26 ते 30 किलो
- रायझोबियम (नत्राचं) आणि पीएसबी (स्फुरदाचं) ही जिवाणू खतं चोळा, 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम
- खोली 3 ते 5 सें.मी.

आधीच ओल्यात लोडर फिरला असेल तर ती वाट आत्ताच खुणा करून ठेवा. तिथं ओल्यात नांगर घालू नका, ढेकळं निघतील. यंदा त्या पट्ट्यातून चर काढून पाणी बांधाकडे सोडा. खोल नांगरट पुढच्या उन्हाळ्यात, रान पूर्ण वाळल्यावर करा.