शेतरस्त्याचा वाद: या चुका टाळा, आणि अडकलाच असाल तर काय करायचं

शेतरस्त्याचं भांडण नेमकं रस्त्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच पेटतं. ऊसतोडीला ट्रॉली आलीय, सोयाबीनची मळणी उरकायचीय, नाहीतर पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर न्यायचाय आणि बघतो तर वाटेत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, नाहीतर जेसीबीने चर मारलेला. मग माणूस आधी शिव्या देतो, मग पोलिसात जातो, मग तलाठ्याकडे, आणि तहसीलला जायचं सुचेपर्यंत हंगाम गेलेला असतो, कधीकधी मुदत पण. महाराष्ट्रात शेताला रस्ता मिळण्यासाठी कायदा तसा बऱ्यापैकी मदतीचा आहे, लोक हरतात ते आपण कुठल्या हक्कासाठी भांडतोय हेच माहीत नसल्यामुळे. जमिनीची मालकी वेगळी आणि तिच्यावरून जायचा हक्क वेगळा, खालच्या जवळपास सगळ्या चुका इथूनच निघतात आणि त्या दोन्ही बाजूंचे लोक करतात.

"सातबारा माझ्या नावावर, मग रस्ता कुणाचा?"

हे वाक्य ज्याच्या रानातून रस्ता जातो तो हमखास म्हणतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन तुमची, मान्य. पण त्यावर दुसऱ्याची वहिवाट, म्हणजे जाण्यायेण्याचा चालत आलेला वापर, असू शकते आणि ती असताना रस्ता नांगरून टाकला तर मालक असूनही तुम्हीच अडचणीत येता. उलट बाजूने रस्ता वापरणाऱ्याचा गैरसमज असतो की आपण इतकी वर्षं जातोय, मुरूम पण आपणच टाकला, म्हणजे ती पट्टी आता आपली. अजिबात नाही. तुम्हाला जायचा हक्क आहे, तिथे शेड मारायचा, लाकडं रचायची, ट्रॉली महिनाभर उभी करून ठेवायची किंवा बांधावरचं झाड तोडायचा नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. वहिवाटीचा हक्क ज्या गटासाठी असतो त्याच गटापुरता असतो. तुम्ही मागचा दुसरा गट विकत घेतला आणि जुन्याच रस्त्याने त्याचाही माल काढायला लागलात तर शेजारी हरकत घेऊ शकतो, आणि १८८२ चा सुविधाधिकार कायदा तिथे त्याच्या बाजूचा आहे. नवीन जमीन घेताना हा विचार कुणी करत नाही, भाव मात्र पाच वेळा विचारतात.

गाव नकाशा न बघता भांडणं

पहिलं काम भांडण नाही, नकाशा. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढा आणि आपला रस्ता त्यावर कसा दाखवलाय ते बघा, कारण रेषेवरून अर्धी केस कळते. दोन सलग रेषा असतील आणि ती जागा कुठल्याच गटात धरलेली नसेल तर तो सरकारी रस्ता, तिथे शेजाऱ्याची परवानगी मागायचा प्रश्नच नाही, अतिक्रमण काढून द्या असा अर्ज तहसीलदारांकडे करायचा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे दोन्ही ज्या गटातून जातात त्याच्या पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या भागात, त्यांचं क्षेत्र धरलेलं असतं, म्हणजे शेजारी "माझं क्षेत्र कमी होतंय" म्हणत असेल तर आधी त्याच्या सातबाऱ्यावरचा पोटखराबा बघा.

आणि नकाशावर काहीच नसेल तर? घाबरू नका, शेतात जायच्या बऱ्याच वाटा नकाशावर नसतातच, त्या वहिवाटीने चालत आलेल्या असतात. नकाशावर नाही म्हणजे हक्क नाही असं नाही, फक्त पुरावा तुम्हाला उभा करावा लागतो.

चुकीच्या कलमाखाली अर्ज

ही चूक सगळ्यात महागात पडते म्हणून जरा थांबून वाचा. तहसीलदारांकडेच जायचं असतं पण दारं दोन आहेत.

रस्ता आधीपासून होता आणि कुणीतरी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. यात अडथळा काढून टाका आणि परत अडवू नका असा आदेश मिळतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकावा लागतो. गावातली मोठी माणसं "पंचमीपर्यंत थांब, दिवाळीनंतर बसू, यात्रा होऊ दे" असं करत करत हे सहा महिने सहज घालवतात, आणि समोरच्याला ही मुदत माहीत असेल तर तो पण गोड बोलत राहतो. बैठका चालू ठेवा हो, पण दावा टाकून चालू ठेवा, मिटलं तर तडजोड लिहून देता येतेच.

रस्ता नव्हताच, नवीन पाहिजे, तर जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३. हा रस्ता बांधावरून मिळतो, कुणाच्या रानाच्या मधून नाही. साधारणपणे बांधाच्या दोन्ही बाजूंनी थोडी थोडी जागा धरतात म्हणजे एकावरच भार येत नाही. इथे तुम्हाला खरंच गरज आहे का, दुसरा रस्ता आहे का, कमीत कमी नुकसान कुठून होईल हे बघतात. दुसरीकडून रस्ता आहे पण लांब पडतो, एवढ्यावर अर्ज टिकणं अवघड. आणि हे कलम शेतीच्या गरजेसाठी आहे, बिनशेती (एनए) प्लॉट घेऊन बंगला बांधणाऱ्याने याच्यावर भिस्त ठेवू नये, त्याला करारानेच किंवा दिवाणी कोर्टातून रस्ता मिळवावा लागतो.

आता चूक काय होते, तर वर्षानुवर्षांचा रस्ता अडवलेला असतो आणि टायपिस्ट अर्जावर १४३ टाकून देतो. मग समोरचा वकील म्हणतो, नवीन रस्ता मागताय म्हणजे जुना नव्हता हे तुम्हीच कबूल केलं! अर्ज टाइप झाल्यावर सही करायच्या आधी एकदा वाचा, एवढंच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे समोरच्या गटातल्या एकाच माणसाला पार्टी (दाव्यात समोरचा पक्ष) करणं. सातबाऱ्यावर तीन भाऊ, दोन बहिणी आणि वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर सगळे खातेदार आणि वारस आले पाहिजेत, नाहीतर आदेश झाल्यावर पुण्यातली बहीण उभी राहते आणि म्हणते मला नोटीसच नाही. रस्ता ज्या ज्या गटातून जातो त्या सगळ्यांचे सातबारे आणि कच्चा नकाशा जोडा.

"आपल्या परवानगीने" या दोन शब्दांवर सही

वीस वर्षं उघडपणे, शांततेत, खंड न पडता, आणि हक्क म्हणून रस्ता वापरला तर वहिवाटीचा हक्क तयार होतो. शेवटची अट लोक विसरतात. परवानगी घेऊन कितीही वर्षं गेलात तरी तो हक्क होत नाही, ती मेहेरबानी राहते. म्हणून शेजारी एखादा कागद घेऊन आला की "तात्या, नुसती सही करा, तुम्ही माझ्या परवानगीने जाता एवढंच लिहिलंय, भांडण नको", तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. याच्या उलट, तुम्ही जमीनमालक असाल आणि शेजाऱ्याला अडीनडीला जाऊ देत असाल तर असा कागद आधीच करून ठेवणं तुमच्या हिताचं.

आणि हे बारा वर्षांचं जे पारावर सांगतात ना, ते ताब्याने मालकी मिळण्याचं गणित, रस्त्याचं नाही. रस्त्यासाठी वीस, सरकारी जमिनीवरून असेल तर तीस. हक्क अडवला गेल्यावर दोन वर्षं गप्प बसलात तर दिवाणी दाव्यात ही मोजणी पण अडचणीत येते.

खरेदीखतात रस्ता आहे, पण सही भलत्याचीच

फार्महाऊससाठी जमीन घेणारे इथे हमखास फसतात. खरेदीखतात लिहिलेलं असतं "जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह". बघायला छान. पण रस्ता जातो तिसऱ्याच माणसाच्या गटातून आणि त्याची खरेदीखतावर सही नाही! विकणारा स्वतःकडे नसलेला हक्क तुम्हाला देऊ शकत नाही. रस्ता ज्याच्या जमिनीतून आहे त्याच्याकडून वेगळा करार करून तो नोंदणीकृत करा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका.

करारात "रस्ता राहील" एवढं मोघम लिहू नका. कुठल्या गटाच्या कुठल्या बाजूने, डांबरी रस्त्यापासून कुठल्या हद्दीपर्यंत, किती फूट रुंद, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि हार्वेस्टर जाणार का, खालून पाइपलाइन आणि लाइटचे पोल नेता येणार का, गेट लावलं तर चावी कुणाकुणाकडे, हे सगळं लिहा आणि नकाशा जोडा. आठ फुटांच्या रस्त्यावर बैलगाडी आरामात जायची, आता ट्रॉली वळतच नाही, आणि अर्धी भांडणं या वळणावरच्या चार फुटांची असतात. भावांच्या वाटणीपत्रात पण हेच. वाटणी करताना सगळे एकाच ताटात जेवत असतात म्हणून रस्ता लिहायचा राहतो आणि मागचा गट ज्याला आला त्याची मुलं पुढे तहसीलच्या चकरा मारतात. तसं एकाच जमिनीचे तुकडे होऊन मागचा तुकडा कोंडला गेला तर गरजेपोटी रस्त्याचा हक्क कायदा मानतो, पण तो सिद्ध करत बसण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं.

मुरूम, पाणी आणि खर्च

रस्ता मान्य आहे पण त्याची देखभाल कुणी करायची यावरून बोलणं बंद झालेली घरं कमी नाहीत. वेगळं ठरलेलं नसेल तर दुरुस्तीचा खर्च ज्याला रस्त्याचा हक्क आहे त्याचा, जमीनमालकाने मुरूम टाकून द्यावा अशी अपेक्षा धरू नका. त्याचं काम फक्त न अडवणं. पण म्हणून न सांगता चार टिपर मुरूम टाकून रस्ता दोन फूट उंच करू नका, कारण वरच्या रानाचं पाणी मग तिथेच तुंबतं, उभं पीक पिवळं पडतं आणि शेजारी पहिल्याच पावसात रस्ता फोडतो. पाणी जिथून वाहायचं तिथे भराव टाकायच्या आधी सिमेंटचा पाइप गाडा. हा खर्च टाळला की पुढचा सगळा वाद फुकट मिळतो!

आज रस्ता अडवलाय, काय करू?

फांद्या स्वतः उचलून फेकू नका आणि जेसीबी तर बोलवूच नका. समोरच्याचं पीक तुडवलं गेलं की गुन्हा तुमच्यावर आणि मूळ मुद्दा बाजूला. पोलीस बहुतेक वेळा "दिवाणी मॅटर आहे" म्हणून एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेऊन पाठवतात. ती एनसी घ्या, कारण अडवल्याची तारीख कागदावर येते आणि सहा महिने तिथूनच मोजायचेत. मारहाण, धमकी असेल तर ते वेगळं सांगा, रस्त्यात मिसळू नका.

त्याच दिवशी फोटो आणि व्हिडिओ काढा, लोकेशन आणि तारीख दिसेल असे. नुसत्या फांद्यांचा जवळून काढलेला फोटो कामाचा नाही, मागे विहीर, पोल, मोठं झाड असं काहीतरी ओळखू येणारं दिसलं पाहिजे. कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची सॅटेलाइट चित्रं बघता येतात, त्यात चाकोरी दिसत असेल तर वर्षाप्रमाणे प्रिंट काढा. कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या पावत्या पण ठेवा, इतकी वर्षं माल बाहेर गेला तो कुठून गेला हा साधा प्रश्न समोरच्याला जड जातो.

स्थळपाहणीला स्वतः हजर राहा, भाच्याला पाठवू नका. मंडळ अधिकारी येतात तेव्हा रस्ता नुकताच नांगरलेला असला तरी खुणा राहतात. चाकांनी दाबलेली जमीन नांगराला मोठी ढेकळं देते, बाजूच्या रानासारखी भुसभुशीत होत नाही, बांधाला जिथून गाडी चढायची तिथे उतार झिजलेला असतो, आणि झाडाच्या बुंध्याला ट्रॉली घासल्याची साल निघालेली असते. हे त्यांना दाखवा आणि पंचनाम्यात लिहायला लावा, पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे जबाब घ्या, पण तुमचेच पाव्हणे नकोत.

मोजणीबद्दल एक सांगतो. रस्त्याचा वाद असला की लोक लगेच मोजणी टाकतात. मोजणीने हद्द कळते, वहिवाट नाही. बांध कोरल्याचा वाद असेल तर मोजणी हवीच, पण नुसत्या वहिवाटीच्या वादात मोजणी टाकली तर पैसे आणि महिने दोन्ही जातात.

आदेश मिळाला, पण रस्ता अजून बंदच

इथे बरेच जण आदेशाची झेरॉक्स घरात लावून बसतात. १४३ च्या आदेशावर समोरच्याला साठ दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं किंवा वर्षाच्या आत दिवाणी दावा टाकता येतो, मामलेदार कायद्यात अपील नाही, फेरतपासणी आहे. पण नुसतं अपील केलं म्हणजे स्टे (आदेशाला स्थगिती) मिळाला असं होत नाही, त्यामुळे "मॅटर वर गेलंय" असं कुणी म्हणालं तर स्टेचा कागद मागा. कागद नसेल तर अंमलबजावणीचा अर्ज द्या, गरज असेल तर पोलीस बंदोबस्तासह. आणि रस्ता मोकळा झाला त्याच आठवड्यात सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद घ्यायला अर्ज टाका. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यावेत आणि त्यांची इतर हक्कात नोंद घ्यावी असं काढलंय, त्या शासन निर्णयाची प्रत अर्जाला जोडा. उद्या शेजाऱ्याने जमीन विकली तर नवीन मालक सातबारा बघून घेणार, आणि त्यावर रस्ता नसेल तर तो पण पहिल्या दिवशी हेच विचारणार की इकडून कसे काय जाताय.