सहलीच्या शेवटी वाळवंटाचे फोटो काढताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत राजस्थानचे फोटो दाखवायला लोक येतात. उदयपूरचे तलाव झकास, जोधपूरचा मेहरानगड झकास. आणि सहलीच्या शेवटी राखून ठेवलेली जैसलमेरची वाळू? करडी, सपाट, तुडवलेली. मग प्रश्न ठरलेला: ‘कॅमेरा बदलू का?’ अहो, कॅमेऱ्याने काय घोडं मारलंय?

जीपमधून उतरलं की माथ्याकडे धूम

या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त उठतं. सम गावचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, जैसलमेर शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर. जीपवाला उन्हं कलताना नेऊन सोडतो आणि अख्खी मंडळी सरळ वर पळत सुटतात.

एका ग्रुपमध्ये एक तरुण होता. नवाकोरा मिररलेस कॅमेरा, आणि पुण्यापासून एकच जप: मला एकही पाऊल न उमटलेली वाळू हवी. उतरल्यावर सगळ्यांच्या आधी हाच माथ्यावर, सेल्फीला. मागोमाग सासूबाई, मेहुणे, पोरं. पोरांनी तर उतारावर घसरगुंडीच केली. पाच मिनिटांनी खाली येऊन मला म्हणतो, ‘काका, कोरी वाळू कुठे मिळेल?’ म्हटलं, उद्या सकाळी. तर म्हणे, शेवटच्या दिवशी पहाटे कोण उठतंय, ॲपमध्ये पुसून टाकतो पावलं. पुसली त्याने. पावलांबरोबर वाळूवरच्या लाटाही गेल्या आणि धोरा गिलावा केलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत झाला.

मी उतरल्यावर वर चढतच नाही. गर्दीकडे पाठ करून पायथ्याने दहा-पंधरा मिनिटं चालतो, सूर्य डावी-उजवीकडे येईल असा उभा राहतो आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणतो. उन्हं तिरपी आली की वाळूवरच्या प्रत्येक लाटेची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. फोटोला खोली येते ती त्या सावलीमुळे. दुपारी डोक्यावरच्या उन्हात ती सावलीच नसते, म्हणून फोटो सपाट. आपली पावलं फ्रेमच्या मागे राहतील अशा बेताने पुढे सरकायचं, बस्स.

आणि सकाळ सोडू नका. रात्री वारा सुटला तर पावलं बुजून वाळू पुन्हा कोरी होते. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, पुण्याहून जवळपास अर्धा तास उशिरा. रोज सहाला तळजाई चढणाऱ्यांनी तरी थंडीची सबब सांगू नये.

वाळू काळवंडते, मग रंग ओतला जातो

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. फिकट वाळूने फ्रेम भरली की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि तो फोटो काळा करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, +०.७ ते +१ ठेवा. मोबाइलवर वाळूवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर सरकवा. कच्छच्या रणातल्या पांढऱ्या मिठाला तर याहून थोडं जास्त लागतं. सूर्यच फ्रेममध्ये असेल तेव्हा मात्र एक्स्पोजर कमी करायचं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, ऑटोवर असला तर संध्याकाळचा पिवळेपणा कॅमेरा धुऊन काढतो, मी तो डेलाइटवर ठेवतो. हे करायचा कंटाळा, म्हणून घरी येऊन तयार प्रीसेट (ॲपमधलं रंगांचं ठरलेलं सेटिंग) मारायचा आणि समची फिकट वाळू भगवी करायची!

ओढणीने लेन्स पुसणं

वाळूत क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कठीण. एक कण अडकलेल्या ओढणीने पुसलंत की ओरखडा कायमचा. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड अगदी शेवटी. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. वाऱ्यात लेन्स तर अजिबात बदलू नका. मी हॉटेलवरच एक झूम लावून निघतो आणि ती रात्रीपर्यंत काढत नाही. ‘पटकन बदलतो’ म्हणणाऱ्यांच्या सेन्सरवरची वाळू मग पुण्यात पैसे मोजून काढावी लागते.

बाकीच्या किरकोळ. क्षितिज तिरकं नको. नुसत्या वाळूत आकारमान कळत नाही, दूरवर एखादा उंट किंवा माणूस येऊ द्या. सूर्य बुडाला की लगेच चहाला पळू नका, पुढची पंधरा-वीस मिनिटं आकाश रंगत जातं. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादाची आतल्या खिशात. सीमाभाग आहे, ड्रोन घरीच ठेवा.

आणि जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनहून पुण्याच्या गाडीत बसल्यावर वेळ जात नाही म्हणून फोटो उडवत बसू नका. तळहाताएवढ्या स्क्रीनवर काळा दिसणारा फोटो घरच्या मॉनिटरवर बरेचदा सुधारता येतो. कार्ड भरलं असेल तर दुसरं घ्या. कॅम्पवर उंटाच्या सफारीला घासाघीस न करता पैसे दिलेत, तेव्हा कुठे गेली होती काटकसर?