ईसीयूच्या चिपऐवजी बॅटरीवरची रॅम: हात घालण्याआधीची तयारी

जुन्या गाडीच्या ईसीयूमधली, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातली, ईप्रॉम (आकडे कायमचे धरून ठेवणारी चिप) काढून तिथे बॅटरीवर टिकणारी रॅम बसवली, की इंजिन चालू असतानाच इंधनाचे आणि स्पार्कचे आकडे बदलता येतात. दर बदलाला चिप उपसा, अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं पुसा, पुन्हा लिहा, हा सगळा व्याप वाचतो. पण काही कामं सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधीच उरकलेली बरी.

आधी मूळ चिप दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळवून बघा, आणि एक प्रत घराबाहेरही ठेवा. मग कागदावर पायांची आकृती काढा, अगदी हातानं. २७सी२५६ ही ईप्रॉम ३२ किलोबाइटची, २८ पायांची. ६२२५६ रॅमही तेवढीच आणि तेवढ्याच पायांची, म्हणून माणूस फसतो. ईप्रॉमचा ए१४ (पत्त्याची एक तार) हा २७व्या पायावर असतो, रॅमचा पहिल्यावर, आणि रॅमच्या २७व्या पायावर लिहिण्याचा इशारा असतो. सरळ सॉकेटात खोचलीत तर ईसीयू नुसतं वाचायला जाईल आणि रॅममधला मजकूर खराब करून बसेल.

खरेदीला मुंबईत ग्रँट रोडला उतरून इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड गाठायचा, पण रविवार सोडून. रॅम कमी करंटवालीच मागा. नावापुढे एलएल असतं. नाव खरवडून नवं छापलेले तुकडे बाजारात फिरतात, तेव्हा दोन-तीन जास्तीचे घ्या. रॅम आणि बॅटरी यांच्यातली राखणदार चिप डीएस१२१० काउंटरवर मिळेलच असं नाही, ती आधीच मागवून ठेवा.

या डीएस१२१०वर पैसे वाचवू नका, कारण सगळा जीव तिच्यात आहे. रॅमला मजकूर टिकवायला दोन व्होल्टही पुरतात. धोका असतो तो किल्ली बंद केल्यावर पाच व्होल्ट खाली घसरतानाच्या क्षणात. तेव्हा ईसीयूतल्या कंट्रोलरच्या तारांवरचे इशारे भरकटतात आणि भलताच बाइट लिहिला जातो. पुरवठा साधारण साडेचार व्होल्टच्या खाली गेला की डीएस१२१० रॅमचा चिप-एनेबल (रॅमला जागं करणारा पाय) वर धरून दार बंद करते, मग पुरवठा बॅटरीकडे वळवते. दोन डायोड लावून बॅटरी जोडता येते, पण दार उघडंच राहतं.

बॅटरीचा हिशेब आधीच मांडा. सीआर२०३२ म्हणजे साधारण २२० मिलिअँपिअर-तास. रॅम २ मायक्रोअँपिअर खात असेल तर कागदावर बारा वर्षं निघतात. २० खात असेल तर जेमतेम सव्वा वर्ष. उन्हात तापलेल्या गाडीत रॅमची भूक वाढतेच, आणि साधा सेल ६० अंशांपुढे टिकत नाही, म्हणून बोर्ड डॅशबोर्डवर नको, खाली आत ठेवा. मोजायला सेलच्या तारेत १० किलोओमचा रेझिस्टर घालून त्यावरचे मिलिव्होल्ट बघा: १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. मुंबईत हे मोजमाप जुलैमध्ये पुन्हा करा. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स (सोल्डर चिकटावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) दमट हवेत ओल धरतो आणि सेलच्या पायाशी गळती सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासून काढा, वाळवा, मग वर कोटिंग मारा.

दर चिपशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. लॅपटॉप आणि ईसीयू यांच्यात ७४एचसी२४५ आणि ७४एचसी२४४ या बफर चिपा घाला, लॅपटॉप आणि ईसीयू या दोघांनी एकाच वेळी बस (रॅमच्या सामाईक तारा) ओढता कामा नये. ईसीयू चेकसम (मजकूर बरोबर आहे का ते ताडायचा बेरजेचा आकडा) तपासत असेल तर आकडे बदलल्यावर तोही नव्याने काढा.

गाडीत बसवण्याआधी टेबलावर पुरवठा हळूहळू कमी करत, मग झटक्यानं तोडत, दर वेळी सगळे ३२ किलोबाइट मूळ फाइलीशी जुळवा. ते जुळले की गाडीत बसवा, मूळ चिप खणात ठेवा, आणि लॅपटॉप मांडीवर असेल तेव्हा स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या.