सार्वजनिक जागेतले दरवाजे: या चुका टाळा, कागद चिकटवणं थांबवा

आमच्या गावातल्या वाचनालयाची देखभाल गेली काही वर्षं मी बघतोय आणि खरं सांगतो, पुस्तकांपेक्षा दाराच्याच तक्रारी जास्त येतात. लागत नाही, उघडत नाही, धाडकन आपटतं, बोट चेमटलं. आणि आपण सगळे काय करतो, तर दारावर कागद चिकटवतो, "दरवाजा हळू लावा". अहो, येणारा प्रत्येक माणूस तिथं चुकतोय म्हणजे चूक माणसाची नाहीये, दाराची आहे, आणि दार दुरुस्त करता येतं.

सगळ्यात जास्त त्रास डोअर क्लोजरचा, म्हणजे उघडलेलं दार आपोआप लावणाऱ्या यंत्राचा. मागच्या वर्षी आईला घेऊन एका बँकेत गेलो होतो, आई वॉकर घेऊन चालते, वॉकरचे पुढचे पाय आत गेले न गेले तोच दार मागून येऊन तिच्या कोपरावर आदळलं. वॉचमन धावत आला बिचारा, म्हणाला "काका ते तसंच आहे, धरून ठेवावं लागतं". तसंच असायची काहीच गरज नसते! दाराच्या वर क्लोजरचा जो लांबट डबा असतो ना, त्याच्या टोकाला किंवा बाजूला बहुतेक वेळा दोन छोटे स्क्रू असतात. एक स्क्रू दार मिटत येण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या वीतभर अंतरातला, म्हणजे लॅच बसतानाचा. आत स्प्रिंग आणि तेल असतं, स्प्रिंग दार ओढते आणि बारीक वाटेतून जाणारं तेल तिला रोखून धरतं, स्क्रू आवळला की ती वाट अरुंद होते आणि दार हळू येतं. पाव फेरा फिरवा, दार सोडून बघा, मग वाटलं तर अजून थोडा. अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमात दार 90 अंशांपासून 12 अंशांपर्यंत यायला कमीत कमी 5 सेकंद लागले पाहिजेत असं आहे, मी मोबाइलवर सेकंद मोजून आमचं दार तसंच लावलंय, काठी टेकत येणारे आजोबासुद्धा आता निवांत आत येतात.

इथे एकच मोठी चूक होते, दार लवकर लागावं म्हणून स्क्रू उलटा फिरवत फिरवत पूर्ण बाहेर काढतात, की सगळं तेल खाली. डब्याखाली तेलाचे ओघळ दिसले तर स्क्रूशी खेळत बसू नका, क्लोजर बदला. काचेच्या दाराला हेच काम जमिनीतली फ्लोअर स्प्रिंग करते, तिच्या झाकणावर रोज बादलीभर पाणी ओतून फरशी धुऊ नका, आत पाणी साचून गंजते.

पुढची चूक हँडलची. दोन्ही बाजूंना सारखंच उभं हँडल लावायचं आणि मग ढकला-ओढाचे स्टिकर लावायचे. हँडल दिसलं की हात ओढायलाच जातो, त्यात काच असेल तर पलीकडचा स्टिकर उलटा दिसून अजून गोंधळ. अमेरिकेतले डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी हे इतकं मांडलंय की अशा दारांना नॉर्मन डोअरच म्हणतात. ढकलायच्या बाजूचं हँडल काढा, तिथे सपाट स्टीलची पट्टी लावा, बस. आणि दोन झडपांचं दार असेल तर कामाच्या वेळेत दोन्ही उघडी ठेवा ना, लोक बरोबर बंद झडपेवरच जाऊन आदळतात.

आता पावसाळ्याचं. जूनमध्ये लाकडी दार अडकायला लागलं की लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेतात, मग हिवाळ्यात लाकूड आटतं आणि बोटभर फट पडते. आधी दार अर्धं उघडून हँडलला धरून वर उचलून बघा, हललं तर दार फुगलेलं नाही, बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. भोक मोठं झालं असेल तर त्यात फेविकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या, मग स्क्रू परत आवळा. खरंच फुगलं असेल तर कडेला खडू लावून दार लावा, चौकटीवर खडू उमटेल तिथंच घासतंय, तेवढ्यापुरतं मेण चोळा आणि रंधा पाऊस संपल्यावर. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग द्यायचा मात्र विसरू नका, तिथूनच ओल शिरते.

शेवटची चूक माफ करण्यासारखी नाही. मागच्या दाराला कुलूप आणि चावी कुणाच्या तरी खिशात. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये आग लागली, 59 माणसं गेली, बाल्कनीत जादा खुर्च्या बसवायला बाहेर पडायची वाट अडवलेली होती. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही स्पष्ट आहे, बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे. आमच्या कमिटीत यावर चांगलीच वादावादी झाली, पुस्तकं चोरीला जातील म्हणून. आता त्या दाराला आतून फक्त खटका आहे, आणि उघडलं की वाजणारी छोटी बेल आम्ही वर बसवलीय.