कुत्र्या-मांजराचं पाणी दुपारीही गार ठेवायचं असेल तर

मे महिन्यात गॅलरीतल्या स्टीलच्या भांड्यातलं पाणी अकरा वाजताच कोमट होतं. आमचा कुत्रा नुसतं हुंगून परत फिरायचा. आता असं करतो :

१. मातीचं पसरट, रंग न दिलेलं भांडं रात्रभर पाण्यात भिजवायचं.
२. घमेल्यात चार बोटं वाळू घालून ती ओली करायची आणि भांडं त्यात अर्धं रुतवायचं. माठाखाली ठेवतो तशीच वाळू. भांडं कलंडतही नाही.
३. दिवसभर सावली राहील अशा, वारा लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं. दुपारी वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडायचं.

भांडं रोज नारळाच्या काथ्याने घासा. साबण नको, माती तो शोषून घेते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी छान गार राहतं. मुंबई-कोकणात हवा दमट, तिथे फरक कमी पडतो, म्हणून पाणी दोन-तीनदा बदला.

एक मात्र सांभाळा : जनावर जोरजोरात धापा टाकत असेल, लाळ गळत असेल किंवा झोकांड्या देत असेल, तर अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.