शिआन फिल्मवर: दिशा ओळखा, मग रोल खर्च करा

चीनमधल्या शिआनच्या जुन्या शहराचा नकाशा आधी नीट बघून घ्या. मिंग काळात, १३७०च्या दशकात बांधलेला आयताकृती कोट, चार दिशांना चार मुख्य वेशी, आत घंटामनोरा आणि तिथून चारही बाजूंना सरळ निघणारे रस्ते. कोटाच्या भिंती जवळजवळ नेमक्या पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर धावतात. फिल्मच्या एका रोलच्या छत्तीस फ्रेममध्ये दिवस काढायचा असेल तर याहून मोठी सोय नाही. कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येणार, हे खोलीतून निघण्याआधीच ठरवता येतं.

फक्त घड्याळावर आंधळा विश्वास नको. अख्ख्या चीनमध्ये बीजिंगची वेळ चालते आणि शिआन बीजिंगच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण पावणेएकला. डिसेंबरात सूर्योदय पावणेआठच्या सुमारास, सूर्यास्त पाच-चाळीसला. जूनमध्ये सकाळी साडेपाच आणि रात्री आठ. ‘नऊपर्यंत कोवळं ऊन’ हा आपल्याकडचा हिशेब इथे तसाच्या तसा लावू नका.

आता दक्षिणेची भिंत घ्या, युंगनिंग वेशीजवळची. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, म्हणून या भिंतीच्या बाहेरच्या अंगावर साडेनऊच्या आधी ऊन पोचतच नाही आणि चारनंतर ते निघून जातं. विटांचे सांधे उठून दिसायला ऊन भिंतीला घासून जावं लागतं. साडेनऊ ते दहा आणि साडेतीन ते चार ते बाजूने घासतं. भर दुपारी सूर्य फार उंच असतो, तेव्हा ते वरून घासतं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे हीच भिंत दिवसभर उन्हात असते आणि त्यातल्या त्यात तिरपं ऊन सकाळी पहिल्या तासाभरात मिळतं. उत्तरेच्या बाहेरच्या अंगाला थंडीत थेट ऊन मिळत नाही, तिकडे रोल घालवू नका.

कोटावर चढून पूर्ण फेरी मारली तर पावणेचौदा किलोमीटर होतात. वर सायकली भाड्याने मिळतात. एक रोल, चार बाजू, बाजूला नऊ फ्रेम, असा हिशेब धरला की तिसऱ्या बाजूला रोल संपत नाही. कोटाची वीट निळसर राखाडी आहे आणि प्रकाश मोजणाऱ्या मीटरला हवी तशी मध्यम छटा तिच्यात आयतीच मिळते. आकाश चौकटीत असेल तर मीटर फसतो आणि भिंत काळी पडते. म्हणून आधी उन्हातल्या विटेवर मीटर धरा, आकडा पक्का करा, मग चौकट लावा. मीटर नसेल तर स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० वेगाच्या फिल्मला १/५०० सेकंद शटर आणि लेन्सचं छिद्र एफ/१६, मोकळ्या सावलीत त्याच शटरला एफ/४.

घंटामनोऱ्याला कृष्णधवल रोल लावणाऱ्यांची एक फसगत हमखास होते. खांब लाल, कौलं हिरवी, डोळ्याला केवढा फरक! नेगेटिव्हवर मात्र दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळून जातात. नारिंगी फिल्टर लावा. लाल उजळतो, हिरवा गडद होतो आणि इमारत पुन्हा उभी राहते. कॅमेऱ्यापासून वेगळा हातमीटर वापरत असाल तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश, वाढवायला विसरू नका. रोषणाईसाठी सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी आयएसओ ४००ला एफ/८ आणि १ सेकंद हा पाया धरून २ आणि ४ सेकंदांच्याही फ्रेम घ्या. १ सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते. एचपी५ या कृष्णधवल फिल्मला मोजलेले ४ सेकंद प्रत्यक्षात ६ द्यावे लागतात, आणि १० असतील तर २०.

ढोलमनोऱ्यामागच्या मुस्लिम वस्तीतली मोठी मशीद पश्चिमाभिमुख अक्षावर आहे, कारण मक्का तिकडे आहे. म्हणजे नमाजाच्या दालनाचं दर्शनी अंग पूर्वेला. सकाळी लवकर जा. अकरानंतर ऊन छपरावर चढतं आणि पडवी अंधारात जाते. नमाजाच्या दालनात इतर धर्मीयांना प्रवेश नाही. प्रार्थना करणाऱ्यांवर बाहेरूनही कॅमेरा रोखू नका.

रानहंसाचा मोठा पॅगोडा मिंग कोटाच्या बाहेर पडतो, पण तांग काळातल्या चांगआनच्या, म्हणजे जुन्या शिआनच्या, आत होता. महाराष्ट्राचं आणि पुलकेशीचं वर्णन लिहून ठेवणारा चिनी भिक्षू ह्युएनत्संग इसवी सन ६४५मध्ये भारतातून परतला आणि त्याने आणलेल्या पोथ्यांसाठी ६५२मध्ये हा उभा राहिला. आपल्या वाचकाने इथे दोन फ्रेम जास्त खर्च कराव्यात. उंची सुमारे ६४ मीटर. जवळून कॅमेरा वर वाकवला की कडा आत झुकतात. कॅमेरा सरळ ठेवून पूर्ण मनोरा बसवायचा तर ५० मिमी लेन्सला साधारण १७५ मीटर मागे जावं लागतं, ३५ मिमीला १२०. एवढ्या लांबून खालचा भाग छपरांआड गेला तर जाऊ द्या. दक्षिणेकडून घ्या. उत्तरेच्या कारंज्यांकडून हिवाळ्यात दिवसभर सूर्य समोर येतो.

शिलालेखांच्या वनात, म्हणजे बेइलिन संग्रहालयात, दगड काळे आणि बरेचसे काचेआड. मीटर काळ्याला करडं करतो, तेव्हा दगडावरचा आकडा घेऊन दोन स्टॉप कमी करा. कोरलेली अक्षरं फिकी उमटतील. लेन्सचा रबरी हूड थेट काचेला टेकवला की प्रतिबिंब जातं.

रोल खराब होण्याचं खरं ठिकाण मेट्रो आहे. प्रत्येक स्टेशनच्या दारात बॅग एक्स-रे यंत्रातून जाते. एखाद्या वेळेने आयएसओ ४००ला काही होत नाही, पण दिवसाला सहा वेळा आणि पाच दिवस, हा मारा साठत जातो आणि सावल्या धुरकटतात. दिवसाचे दोन-तीनच रोल बरोबर ठेवा, कोटाच्या आत पायी फिरा, लांबच्यासाठी बस धरा. ‘फिल्म आहे, हाताने तपासा’ अशी चिनीत लिहिलेली चिठ्ठी दाखवा. ऐकलंच जाईल असं नाही. विमानतळावरचं सीटी स्कॅनर मात्र कोणत्याही वेगाच्या फिल्मला एका फेरीत डाग पाडू शकतं, तिथे आग्रह धरा.

थंडीत बाहेरून थेट वाफाळलेल्या पाओमोच्या (रश्श्यात कुस्करलेल्या रोटीच्या) दुकानात शिरलात तर लेन्सवर दव धरतं. दाराबाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, अर्धा तास उघडू नका. कोरड्या थंडीत रोल भराभर गुंडाळला तर स्थिर विजेच्या ठिणग्या उडतात आणि नेगेटिव्हवर झाडाच्या मुळांसारख्या रेघा येतात, तेव्हा सावकाश फिरवा. हिवाळ्यातल्या धुरक्यावर पिवळा फिल्टर फारसा उपयोगी नाही. अशा दिवशी दूरचे मनोरे सोडून दहा-वीस मीटरच्या आतलं टिपा, रोलवर ‘धुरकं’ लिहून तो वेगळा ठेवा आणि डेव्हलप करताना वेळ १५ टक्के वाढवा.